काकडा, पिन आणि वायसर

हरिश्चंद्रगडाच्या गुहेत एका डिसेंबरच्या पहाटे आमचा पितळी स्टोव्ह रुसला. पंप मारला की दांडा बिनविरोध आत जायचा आणि टाकीत हवा म्हणून भरायची नाही. दहाजण चहाकडे डोळे लावून बसलेले. बरोबरच्या एका काकांनी पंप उघडून टोकाचा चामड्याचा वायसर काढला. तो वाळून, आक्रसून सुपारीसारखा कडक झाला होता. त्यांनी डोक्याला लावायचं खोबरेल मागितलं, तर तेही थिजलेलं. मग बाटली काखेत धरून तेल पातळ केलं, वायसरला चोळलं, अंगठ्याने त्याची कड फुलवली आणि पंप परत बसवला. चौथ्या पंपाला दांडा हाताला उलटा रेटू लागला. काका म्हणाले, "आता पेटव."

हल्ली कुणी ट्रेकसाठी कुठला स्टोव्ह घ्यावा असं विचारलं की बोलणं वजन आणि किमतीवरच संपतं. पण या वस्तूमागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या घरातल्या ओट्याखाली धूळ खात पडलेला होता.

रॉकेल हा शब्दच मुळी 'रॉक ऑइल'चा मराठमोळा अवतार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल जगभर पोचलं ते दिव्यांसाठी. स्वयंपाकाला मात्र ते त्रासदायक होतं. वातीच्या स्टोव्हची ज्योत पिवळी, भांड्याला काजळी, आणि आच बेताची. 1892 साली स्टॉकहोममधल्या एका कारखान्यात मेकॅनिक असलेल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने वातच काढून टाकली. टाकीत हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढतं, बर्नरच्या तापलेल्या नळ्यांमधून जाताना त्याची वाफ होते आणि निपलच्या केसाएवढ्या भोकातून ती जोराने बाहेर पडते. वाटेत हवा मिसळते आणि निळी, बिनकाजळीची ज्योत मिळते. तीच ज्योत नळ्या तापत्या ठेवते. म्हणजे एकदा सुरू झाला की स्टोव्ह स्वतःचं इंधन स्वतःच शिजवतो! प्रश्न फक्त सुरुवातीचा. नळ्या गार असताना वाफ होणार कशी? त्यासाठी वाटीत स्पिरिट जाळायचं, किंवा आपल्याकडच्यासारखा भिजवलेला काकडा बर्नरला लावायचा. काकडा पुरता जळू न देता घाईने पंप मारला की वाफेऐवजी कच्चं रॉकेल उसळतं आणि भडका होतो. रॉकेलच्या स्टोव्हचे बरेच भडके या उतावळेपणाचे.

लिंडक्विस्टच्या स्टोव्हचं नाव प्रायमस. आपल्याकडे ते इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीचा पंपाचा स्टोव्ह प्रायमसच झाला. लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती, म्हणजे पेट्रोमॅक्स, तीही याच तत्त्वावरची. फरक इतकाच की तिथे वाफ जाळीच्या मेंटलमध्ये जळून उजेड देते.

पण प्रायमसची खरी परीक्षा स्वयंपाकघरात नव्हे, बर्फात झाली. बर्फाच्या प्रदेशात स्टोव्ह जेवणाआधी पाण्यासाठी लागतो. आजूबाजूला मैलोगणती पाणी, पण सगळं गोठलेलं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला 80 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात एक लिटर गार पाणी 80 अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून ध्रुवाकडे जाणाऱ्यांचा हिशेब इंधनापासून सुरू होई. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने 1888 मध्ये ग्रीनलँड ओलांडलं ते स्पिरिटच्या चुलीवर. पुढे 'फ्राम' जहाजाच्या 1893 ते 1896 च्या मोहिमेत त्याने प्रायमस नेला, आणि त्याभोवती एकात एक बसणारी भांडी रचली, म्हणजे मधल्या भांड्यात जेवण शिजतानाच वाया जाणाऱ्या आचेवर बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळावा. आज बाजारात 'हीट एक्स्चेंजर' लावलेली महागडी भांडी मिळतात, त्यांचे हे आजोबा.

1897 मध्ये स्वीडनचा सालोमन आंद्रे दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरलं, तिघे पायी परत फिरले आणि एका निर्जन बेटावर मेले. त्यांचा तळ 1930 साली सापडला. 33 वर्षं बर्फात राहिलेला त्यांचा प्रायमस तेव्हाही चालत होता म्हणतात. तिघे कशाने गेले यावर अनेक तर्क आहेत, आणि त्यांतला एक या स्टोव्हवरच बोट ठेवतो: बंद तंबूत साचलेला कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. 1934 मध्ये अंटार्क्टिकावर एकट्याने हिवाळा काढणारा अमेरिकन अ‍ॅडमिरल रिचर्ड बर्ड याच विषाने मरता मरता वाचला. आजही पावसाळ्यात तंबूची चेन लावून आत मॅगी शिजवणारे भेटतात. त्यांच्याशी मी भांडतो.

पाण्याचा हा हिशेब सगळ्यात उघडा पडला तो एव्हरेस्टवर. मे 1952 मध्ये स्विस मोहिमेतले रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग यांनी सुमारे 8400 मीटरवर एक रात्र काढली. स्लीपिंग बॅग नाही, स्टोव्ह नाही. मेणबत्तीवर डबा धरून त्यांनी घोटभर पाणी वितळवलं. दुसऱ्या दिवशी दोघे 8600 मीटरच्या आसपास पोचले आणि तिथून मागे फिरले. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरशास्त्रज्ञ होते. उंचीवर माणूस श्वासावाटेच किती पाणी गमावतो हे त्यांनी मोजलं होतं; रोज काही लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे आणि तेवढा बर्फ वितळवणारे स्टोव्ह हवेतच, असा त्यांचा आग्रह. 28 मे 1953 च्या रात्री सुमारे 8500 मीटरवरच्या तंबूत हिलरी आणि तेनसिंग यांच्याजवळ प्रायमस होता. दोघे लिंबाचं गरम सरबत पीत राहिले. पहाटे उठले तर हिलरीचे बूट लाकडासारखे कडक! तेही त्याच प्रायमसवर धरून मऊ करावे लागले. साडेसहाला निघाले, साडेअकराला माथ्यावर. शिखराचं श्रेय ऑक्सिजनच्या नळकांड्यांना भरपूर मिळालं. स्टोव्हला त्या मानाने फारच कमी, असं माझं मत.

1973 मध्ये सिएटलच्या लॅरी पेनबर्थी यांनी इंधनाची बाटलीच टाकी म्हणून वापरणारा स्टोव्ह काढला, तोही याच कारणासाठी: गिर्यारोहक पाणी पुरेसं पीत नाहीत, कारण स्टोव्ह ते पुरेसं देत नाहीत.

इकडे आपल्याकडे मात्र स्टोव्ह बदनाम होत गेला. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी ऐंशीच्या दशकात नेहमीची होती, आणि त्यातल्या कित्येक भडक्यांमागे स्टोव्ह नव्हताच. 1983 मध्ये विवाहितेच्या छळाचं 498 अ आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं 304 ब ही भारतीय दंड संहितेतली कलमं आली ती याच पार्श्वभूमीवर. पुढे घरोघरी गॅस आला, रेशनचं निळं रॉकेल आटत गेलं, हातगाडीवरचे स्टोव्ह रिपेअरवाले दिसेनासे झाले. सह्याद्रीत रॉकेलच्या स्टोव्हची जागा गॅसच्या छोट्या डब्यांनी घेतली.

आपल्या डोंगरांत ते ठीकच आहे. पण डबा घेताना आत कुठला गॅस आहे ते वाचावं. साधा ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे स्पितीतल्या थंडीत तो डब्यातच बसून राहतो. तिथे आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण लागतं. सुईने भोक पाडायचा डबा संपल्याशिवाय स्टोव्हवरून काढता येत नाही, आट्यांचा मात्र काढता येतो. आणि हिमालयात जाणार असाल तर डबे तिकडेच घ्या. विमानात ते चालत नाहीत. रेल्वेतही गॅस किंवा रॉकेल नेणं 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरीही कुणाला जुन्या बाजारातून पितळी स्टोव्ह घ्यायचा असेल, तर चकाकी बघून भुलू नका. चिंच लावली की कुठलंही पितळ चकाकतं. टाकीच्या बुडाला डाग देऊन भोक बुजवलंय का ते पाहा. हवा सोडायची चावी पूर्ण आवळून पंप मारा, टाकी पाण्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. निपल उजेडाकडे धरून भोक गोल आहे ना ते तपासा. भोक साफ करायला चुकीच्या जाडीची पिन घालून लोकांनी ते फाकवलेलं असतं, आणि मग ज्योत कायम एका अंगाला पिवळी राहते. घरी आणल्यावर रॉकेल गाळून भरा. ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि चावी सैल सोडा. वायसर वाळलेला असणारच. तो टाकू नका, रात्रभर खोबरेलात बुडवून ठेवा.