वाकळीतली वाकळ

माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं आणि आईनं कपाळाला हात लावला. वाकळ शिवायची म्हणून आज्जीची जुनी लुगडी त्यात बांधून ठेवली होती. दोन इरकलींच्या घड्यांतून आरपार भोक, मधोमध वाटीएवढा खळगा आणि त्यात सहा गुलाबी पिल्लं.

"कुणीतरी औषधाचं नाव घेतलं असणार," आई म्हणाली. बेळगाव-खानापूरकडं हे घरोघरी ऐकायला मिळतं: उंदरासमोर औषधाचं नाव काढलं की तो चिडून कपडे कुरतडतो. आज्जी तर दुकानातसुद्धा 'मामांचा खाऊ द्या' असंच म्हणायची. उंदराला मराठी कळतं, सीमाभागातला म्हणून कानडीही कळतं, असं घटकाभर धरून चालू. पण या उंदरिणीला सूड घ्यायला सवड नव्हती. ती कापड खातही नव्हती. खळग्याच्या बाहेरच्या अंगाला बोटभर चिंध्या होत्या आणि आत, पिल्लांच्या अंगाखाली, पिंजलेल्या कापसासारखं मऊ सूत. ती अंथरूण घालत होती.

त्याची निकड कळायला थोडं गणित करू. घरातला मोठा उंदीर दीडशे ग्रॅमचा आणि नवजात पिल्लू पाच ग्रॅमचं धरा. वजनात तीसपट फरक, पण वस्तू लहान होते तेव्हा तिचा पृष्ठभाग वजनाइतक्या वेगानं घटत नाही. म्हणून दर ग्रॅममागं पिल्लाची कातडी आईच्या साधारण तिप्पट, आणि उष्णता गळते ती कातडीतूनच. त्यात अंगावर केस नाहीत, डोळे उघडायला दोन आठवडे, कुडकुडणंही अजून जमत नाही. सूत स्वतः ऊब तयार करत नाही. ते हवा अडवून धरतं. अडलेली हवा उष्णतेची फार मंद वाहक. धागा जितका बारीक पिंजाल तितके हवेचे कप्पे लहान, आणि तितकी आतली हवा जागच्या जागी. आज्जीची वाकळ याच तत्त्वावर चालते. मात्र ती भिजली की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं वाहून नेतं.

वाकळ ऊब राखते, पण मुळात ऊब येते कुठून? हा माझा सगळ्यात आवडता भाग. पिल्लाच्या दोन्ही खांद्यांच्या मधे तपकिरी चरबी असते. तिच्या पेशी तंतुकणिकांनी (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या अन्न जाळणाऱ्या बारीक भट्ट्या) ठासून भरलेल्या. हिडकल धरण डोळ्यासमोर आणा. तंतुकणिका अन्नाच्या जोरावर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, आतल्या पडद्यापलीकडं ढकलते, म्हणजे धरण भरते. एरवी हे प्रोटॉन एका फिरत्या प्रथिनातून, म्हणजे टर्बाइनमधून, परत येतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला लागेल तिथं वापरता येणारी साठवलेली ऊर्जा, तयार होतं. तपकिरी चरबीत थर्मोजेनिन नावाचं प्रथिन बाजूचा दरवाजा उघडतं. प्रोटॉन टर्बाइन न फिरवताच खाली येतात, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. शेतकऱ्याच्या नजरेतून निव्वळ नासाडी, पिल्लाच्या दृष्टीनं शेगडी. माणसाच्या तान्ह्या बाळालाही ही चरबी असते. इंधन दुधातून येतं, त्यामुळं अंथरूण विरळ असेल तर दूध वाढीऐवजी उबेत जळतं. थंडी वाढली की प्रयोगशाळेतले उंदीरही जास्त कागद फाडतात, नरसुद्धा. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

शिवारात तऱ्हा वेगळी. सुगीच्या दिवसांत येळ्ळूरकडं भाताच्या बांधावर ताज्या मातीचा ढीग दिसला की लहान घुशीचं बीळ ओळखावं. आत पिल्लांची खोली, लोंब्यांचं कोठार, पळायची वाट. राहत्या बिळाचं तोंड ती आतून मातीनं बुजवते, कारण साप. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण जीवशास्त्रात चोख आहे: नाग बीळ खणत नाही, घुशीचंच बळकावतो. भीमगडच्या जंगलातलं शेकरू सहसा जमिनीच्या वाटेला जात नाही. उंच फांद्यांवर काटक्या-पानांची घरटी, तीही एकेकाची अनेक.

भावानं लगेच मोबाइलवर 'अल्ट्रासाउंडनं उंदीर पळवणारं यंत्र' शोधलं. पैसे वाचव म्हटलं. उंदीर अशा आवाजाला थोड्याच दिवसांत सरावतात. गंमत म्हणजे गारठलेली पिल्लं स्वतःच माणसाला ऐकू न येणाऱ्या, चाळीस किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजात रडतात, आणि आई तो आवाज ऐकून त्यांना उचलायला येते.

गाठोडं आम्ही रात्रभर परसात पडवीत ठेवलं. सकाळी खळगा रिकामा आणि गार. आईनं फाटके तुकडे बाजूला काढून उरलेल्या लुगड्यांना दोरा घातला. हिरव्या इरकलीचा काठ मात्र आदल्या दिवशीपेक्षा वीतभर कमी होता.