कुरकुरीत नळी, आईबाप आणि काच

पाकिटात मिळणारी मसालेदार, कुरकुरीत खाऊची नळी काडीने पेटवायची, ती भडभडा जळते आणि मागून आवाज येतो, "बघा, प्लास्टिक!" हा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा अवतरला. अहो, पीठ आणि तेल पेटवलं तर जळणारच. सुईला टोचलेला शेंगदाणाही तसाच जळतो. प्लास्टिक त्यात नाही. पण खाली नेहमीची प्रतिक्रिया आलीच: "आईबापांनीच लाड कमी करावेत." कंपन्यांनाही हेच वाक्य सोयीचं असतं. मला ते अपुरं वाटतं, कारण ती नळी कशी बनते हे त्यात जमेसच धरलेलं नाही.

मक्याचा रवा, तांदळाचं पीठ, थोडं बेसन एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात घालतात. जाड पोलादी नळकांड्यात मळसूत्र फिरतं आणि घर्षणाने पीठ १०० अंशांच्या बरंच वर तापतं. दाब इतका असतो की आतल्या पाण्याला उकळताच येत नाही. स्टार्चचे कण फुटून लगदा होतो. तो बारीक छिद्रातून बाहेर आला की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते, लगदा फुगतो, निवतो आणि फुगलेल्या अवस्थेतच थिजतो. हे थिजणं म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत खरोखर काच होणं: रेणू अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी अडकलेले. ज्या तापमानाच्या खाली पदार्थ रबरासारखा न राहता ठिसूळ होतो, ते त्याचं काचसंक्रमण तापमान. कोरड्या स्टार्चचं ते खोलीच्या तापमानाहून कितीतरी जास्त असतं, पण पाणी शिरलं की झपाट्याने खाली येतं. म्हणून तर उघडं पाकीट पावसाळ्यात तासाभरात सादळतं. तोंडात तेच काम लाळ करते. नळी दाताखाली कडकन मोडते आणि दोन-तीनदा चावताच विरून जाते.

इथेच गोम आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो तो जठराच्या ताणातून आणि सीसीके, जीएलपी-१ यांसारख्या आतड्यातल्या संप्रेरकांतून. त्याचा पुरता परिणाम जाणवायला साधारण १५-२० मिनिटं लागतात. तोवर पाकीट रिकामं. चुरमुरेही तापल्या वाळूत वाफेनेच फुलतात, पण त्यांत स्निग्धांश जवळपास नसतो. नळीवर मात्र तेल-मसाला चढवलेला. १०० ग्रॅममागे साधारण ५५० कॅलरी.

अमेरिकेत आहारसंशोधक केविन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये २० प्रौढांना प्रत्येकी दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे या नळीसारखं कारखान्यात बनलेलं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. प्रयोग छोटा होता आणि त्यात मुलं नव्हती, हे खरं. पण जिथे मोठ्यांचा हात आवरला नाही, तिथे सात वर्षांच्या पोराकडून "थोडंच खा हं" पाळलं जाईल?

चिलीने २०१६ मध्ये पाकिटावर 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे काळे अष्टकोन सक्तीचे केले आणि अशा पदार्थांवरून मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली. पुढच्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. चिलीतल्या आया काही रातोरात कडक झाल्या नव्हत्या.

आपल्याकडे २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायला बंदी केली. तुमच्या शाळेसमोरच्या टपरीवर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा एकदा बघून या. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावर पौष्टिकतेनुसार तारे देण्याचा मसुदा काढला. त्यात साखर-मिठाचे गुण कापायचे, पण प्रथिनं, तंतू, कडधान्य असेल तर ते भरूनही द्यायचे. म्हणजे तीच नळी, तेच मीठ, त्यात थोडं जास्त बेसन घातलं की ताऱ्यांचा हिशेब सुधारणार. अष्टकोनात ही पळवाट नाही: मीठ मर्यादेबाहेर गेलं की काळा शिक्का, मग आत बेसन कितीही असो.