अमळनेर

जळगाव जिल्ह्यातील बोरी नदीकाठचे तालुक्याचे गाव. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरील स्थानक. भोवती काळी कसदार जमीन, म्हणून कापूस हे पूर्वापार मुख्य पीक आणि त्यावरच गावाचा व्यापार उभा राहिला.

प्रताप मिल उभारणारे श्रीमंत प्रतापशेठ यांनी गिरणीचा पैसा विद्येकडे वळवला, आणि अमळनेरचे वेगळेपण इथूनच सुरू होते. 1916 साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. कापसाच्या बाजारपेठेत वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था काढणे हे धाडस होते आणि ते फळाला आले. के. सी. भट्टाचार्य यांच्यासारख्या बंगाली तत्त्वचिंतकाने 1930 च्या दशकात या संस्थेचे संचालकपद भूषवले. साने गुरुजीही येथे आले ते तत्त्वज्ञान शिकायला. पुढे 1924 ते 1930 ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. प्रताप महाविद्यालय 1945 चे.

त्याच वर्षी महंमद हाशम प्रेमजी यांनी येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्या कंपनीचे नाव. आजची विप्रो ती हीच. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘787’ कपड्यांचा साबण ही तिची जुनी उत्पादने. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला आणि कंपनी संगणक क्षेत्रात गेली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी जुने शेअर विकले नाहीत. बोनस शेअर मिळत गेले आणि साध्या घरांतून कोट्यधीश झाले. मात्र सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या गावात आल्या नाहीत. शिकलेली मुले आजही पुण्या-मुंबईची वाट धरतात. शेतीला पाण्याची ओढ कायम आहे आणि तापीवरील पाडळसे धरण वर्षानुवर्षे रखडले, ही तालुक्याची खरी दुखरी बाजू.

बोरीकाठी संत सखाराम महाराजांचे संस्थान आहे. वैशाखात नदीच्या पात्रात मोठी यात्रा भरते; एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी दूरदूरचे भाविक येतात.

घरात बोली अहिराणी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस तेव्हा हवाच. एरवी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, वांग्याचे भरीत, झणझणीत शेवभाजी.

मराठी साहित्य संमेलन येथे दोनदा भरले. पहिले 1952 मध्ये, कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली. दुसरे, म्हणजे 97 वे, फेब्रुवारी 2024 मध्ये; अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही अमळनेरातच झाले.