संदर्भसूची करायला देताय? आधी एवढं बघून घ्या

थिसिसची संदर्भसूची आमच्याकडे देणारे बहुतेकजण सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकून पाठवतात आणि सांगतात, हे माझे रिसर्च पेपर. आता पेपर म्हणजे जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, आलेला एक लेख आणि पुस्तक म्हणजे स्वतंत्र छापलेलं पुस्तक, पण पीडीएफ आहे म्हणजे पेपरच असेल असं नाही, आणि आमचा सगळा वेळ नेमका तिथेच जातो.

जास्त घोळ होतो तो संपादित पुस्तकातल्या, म्हणजे प्रत्येक प्रकरण वेगळ्या लेखकाचं असलेल्या पुस्तकातल्या, प्रकरणाचा. पीडीएफ उघडली की पहिलंच पान १४३ नंबरचं, वर शीर्षक, खाली लेखकाचं नाव, दिसायला अगदी जर्नलमधला लेख, पण खंड आणि अंक कुठेच नाही. अशा नोंदीला प्रकरणाचा लेखक वेगळा, पुस्तकाचे संपादक वेगळे, शिवाय पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पानं, एवढं सगळं लागतं आणि हातातल्या पंधरा-वीस पानांत त्यातलं निम्मंही सापडत नाही. म्हणून प्रकरण डाउनलोड करतानाच पुस्तकाचं टायटल पेज आणि त्याच्या मागचं पान सेव्ह करून ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात ते पुस्तक परत शोधत बसायला लागलं की फार हाल होतात, आम्ही बघतो ना.

८ अंकी आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) दिसला तर जर्नल किंवा मालिका, १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दिसला तर पुस्तक (२००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० अंकी). परिषदेच्या प्रोसीडिंग्जवर (तिथे वाचलेल्या लेखांच्या संग्रहावर) कधीकधी दोन्ही असतात, तेव्हा सरळ आम्हाला विचारा. डीओआयवरून (ऑनलाइन लेखाला मिळणाऱ्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) मात्र प्रकार ठरवू नका, तो लेखाला असतो, प्रकरणाला असतो आणि प्रीप्रिंटलाही असतो.

प्रीप्रिंट म्हणजे पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) व्हायच्या आधी टाकलेला मसुदा, अर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर १९९१ पासून असे मसुदे येतायत. पुढे तोच लेख जर्नलमध्ये येतो तेव्हा मजकूर, कधी आकडेही बदललेले असतात, त्यामुळे तुम्ही वाचलं कुठलं ते तुम्हीच सांगायचं, आम्ही आमच्या मनाने जर्नलचं नाव घालत नाही. एवढे प्रश्न कशाला विचारता म्हणून काहीजण वैतागतात, पण व्हायवात, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेत, उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

आणि सोर्सच्या रकान्यात गूगल स्कॉलर लिहू नका, ती शोधायची जागा झाली.

खात्री नसेल तर पूर्ण काम द्यायच्या आधी अडलेल्या चार-पाच पीडीएफ पाठवा, कुठली नोंद कशात बसते ते आम्ही बघून सांगतो.