नियमित नेत्रतपासणी

डोळ्यांची काहीही तक्रार नसताना ठरावीक काळाने करून घ्यायची संपूर्ण तपासणी. चष्म्याचा नंबर काढणे हा तिचा केवळ एक भाग आहे. नंबर निघाला म्हणजे डोळे तपासून झाले, ही समजूत घातक ठरते. तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचणाऱ्यालाही काचबिंदू (डोळ्याच्या नसेला हळूहळू इजा करणारा आजार) किंवा मधुमेहामुळे होणारा पडद्याचा आजार असू शकतो. तक्ता वाचताना पडद्याच्या मध्यावरचा पीतबिंदू तेवढा कामी येतो. हे दोन्ही आजार बहुधा त्याच्या बाहेर सुरू होतात आणि दुखतखुपत नाहीत.

तपासणीची सुरुवात दृष्टी मोजण्याने होते. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये आणलेला तक्ता ६ मीटरवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा असतो. ६/१८ याचा अर्थ, निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून ओळखता येणारे अक्षर या डोळ्याला ६ मीटरवरूनच कळते. अक्षरे अंधुक दिसत असतील तर बारीक छिद्रातून वाचायला सांगतात. त्यातून स्पष्ट दिसले तर दोष बहुधा नंबराचा असतो. न दिसल्यास कारण डोळ्याच्या आत शोधावे लागते. रक्तातील साखर वरखाली होत असताना नंबर काढू नये. साखरेबरोबर डोळ्यातील भिंगाची फुगवट बदलते आणि नवा चष्मा काही आठवड्यांतच जुळेनासा होतो. मुलांमध्ये जवळचे पाहण्याची ताकद इतकी असते की अधिक (प्लस) नंबर लपून राहतो; म्हणून थेंबांनी ती शिथिल करूनच नंबर काढतात.

यानंतर बाहुलीची उजेडाला मिळणारी प्रतिक्रिया पाहतात आणि स्लिट लॅम्प या उजेडाची बारीक फट टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा पुढचा भाग व भिंग तपासतात. डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ मिमी पारा असतो, पण या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक थर) पातळ असेल, किंवा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया झाली असेल, तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते. श्वास रोखल्याने, पापण्या आवळल्याने किंवा गळपट्टी घट्ट असल्याने तो जास्त भरतो. शिवाय दाब २१ च्या आत असूनही अनेकांना काचबिंदू होतो. म्हणून दृष्टिमज्जेचा, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, आतला खोलगट भाग वाढला आहे का, हे प्रत्यक्ष पाहावेच लागते. शंका असल्यास ओसीटी (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते याची, चाचणी करतात. दृष्टिक्षेत्राचा पहिला अहवाल सरावाअभावी बरेचदा वाईट येतो. त्यावरून निदान पक्के करू नये, चाचणी पुन्हा घ्यावी.

घाईत सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी म्हणजे थेंब घालून बाहुली मोठी करणे. बाहुली विस्फारायला २० ते ३० मिनिटे लागतात. नंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही, त्यामुळे त्या दिवशी वाहन चालवू नये. मात्र ही पायरी टाळली तर पडद्याच्या कडेची छिद्रे नजरेतून सुटू शकतात. डोळ्याचा कोन (आतला द्रव बाहेर जाण्याची वाट) अरुंद असल्यास या थेंबांनी दाब एकाएकी चढू शकतो, म्हणून कोन आधी पाहून घ्यावा.

तपासणी किती दिवसांनी करायची, हे धोक्यावर ठरते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, पहिल्या प्रकारात ५ वर्षांच्या आत आणि पुढे दोन्हींत दरवर्षी पडदा तपासावा. मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतही तपासणी करावी. तक्रार नसलेल्यांनी चाळिशीला एकदा संपूर्ण तपासणी करावी आणि पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. मुलांची दृष्टी ३ ते ५ वर्षांच्या वयात तपासली तर आळशी डोळा (लहानपणी नीट वापरला न गेल्याने नजर कमी राहिलेला डोळा) वेळेत सापडतो. चांगला डोळा पट्टीने झाकण्याचा उपचार ७-८ वर्षांच्या आत सर्वाधिक लागू पडतो. बाळाची बाहुली पांढरी चमकत असेल, डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके व विजेसारख्या रेषा दिसू लागल्या असतील, किंवा डोळा लाल होऊन दुखत असेल आणि सोबत उलट्या होत असतील, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. भिंग बदलणे हाच उपाय, आणि मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची गरज नसते. मधुमेही पडद्यासाठी साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, लेसर आणि डोळ्यातील इंजेक्शने हे उपाय आहेत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवण्यासाठी दाब उतरवावा लागतो. त्रास जाणवत नसल्यामुळे थेंब मध्येच सोडले जातात आणि तिथेच नुकसान होते. एका वेळी एकच थेंब पुरतो. तो घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात कमी उतरते. दुसरे औषध ५ मिनिटांनी घालावे. काचबिंदूचे निदान झालेल्याच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.