उजनीचा काठ उपग्रहचित्रावरून मोजताना

उन्हाळा तापला की सोलापूर-पुण्याकडच्या बातम्यांत 'उजनी उणे' असे आकडे यायला लागतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरला जाणारा तळचा साठा. टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याची असते, म्हणून पाणी मृतसाठ्यातही उतरले की ती उणे लिहितात. हे आकडे निघतात पाण्याच्या पातळीवरून, अमुक पातळीला अमुक साठा अशा तक्त्याने. भीमा दर पावसाळ्यात गाळ आणून टाकते आणि तक्ता हळूहळू जुना होतो.

भूगोल विभागातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना इथे खरा संशोधनाचा प्रश्न सापडतो: ठरावीक पातळीला पाणी आज किती क्षेत्रावर पसरते, आणि पूर्वी किती पसरत होते? गाळ साचला की त्याच पातळीला पाणी कमी क्षेत्रावर पसरते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, जलाशयांतला गाळ याच तत्त्वावर मोजते. साधा लॅपटॉप आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. हिरव्या आणि निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या) प्रकाशपट्ट्यांचा पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एका हेक्टरात १०० पिक्सेल. 'लेव्हल-२ए' चित्र घ्यावे, कारण त्यात वातावरणाचा परिणाम आधीच काढलेला असतो. ऑक्टोबर ते मे या काळातली, जलाशयावर ढग नसलेली चित्रे निवडावीत आणि प्रत्येक चित्राच्या तारखेची धरणाची पातळी लगेच शेजारी नोंदवावी. पातळीशिवाय नुसत्या क्षेत्रफळाचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

पाणी निकट अवरक्त किरण जवळजवळ सगळे शोषून घेते. माती आणि पिके ते परत फेकतात. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. हा १९९६ सालचा एनडीडब्ल्यूआय निर्देशांक. शून्याच्या वर साधारणपणे पाणी, खाली जमीन.

पण एक चूक अगदी सहज होते. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रिया झालेल्या चित्रांत प्रत्येक पिक्सेलच्या किमतीत १००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करावे लागतात. समजा, वजाबाकीनंतर पाण्याच्या पिक्सेलवर हिरवा ६०० आणि अवरक्त २०० आहे. निर्देशांक येतो ०.५. वजाबाकी विसरली तर १६०० आणि १२०० धरून तोच ०.१४ होतो. उंबरठा, म्हणजे पाणी आणि जमीन वेगळे करणारी किंमत, शून्यावर असेल तर फरक पडत नाही, कारण चिन्ह बदलत नाही. पण ०.२ ठेवला असेल तर ते पाणी जमिनीत मोजले जाते आणि २०२२ नंतर जलाशय अचानक आटल्यासारखा दिसतो. विभागाच्या हार्ड डिस्कवरची जुनी चित्रे आणि नव्याने उतरवलेली चित्रे एकत्र वापरताना तर चित्रासोबत येणारी माहितीची (मेटाडेटा) फाइल उघडून बघितलीच पाहिजे.

बाकीच्या चुका उजनीच्या स्वभावातून येतात. जलपर्णीने झाकलेले पाणी अवरक्तात शेतासारखे चमकते, म्हणून ते जमिनीत जाते. ढगाची सावली उलट पाण्यात शिरते. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली ओली काळी माती शून्याच्या आसपास घुटमळते. नैसर्गिक रंगातले चित्र शेजारी ठेवून असे तुकडे हाताने दुरुस्त करावेत आणि दुरुस्ती कुठे केली ते अहवालात लिहावे. काठाचे महत्त्व कमी लेखू नये: काठ ४०० किलोमीटर धरला आणि सीमारेषा सरसकट ५ मीटर सरकली, तर क्षेत्रफळात २ चौरस किलोमीटरचा फरक पडतो.

म्हणूनच क्षेत्रभेट टाळता येत नाही. ती चित्राच्या तारखेपासून दोन-चार दिवसांत व्हावी, कारण गाळपेर जमिनीचे, म्हणजे पाणी हटल्यावर पेरणी होणाऱ्या गाळाच्या जमिनीचे, रूप आठवड्यात बदलते. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, तेव्हा चारही बाजूंनी किमान ३० मीटर एकसारखा पृष्ठभाग असलेली जागा निवडावी. तपासणीचे बिंदू क्यूजीआयएसमधून यादृच्छिक काढावेत. रस्त्यालगतचे सोयीचे बिंदू घेतले तर अवघड जागा तपासल्याच जात नाहीत. आणि काठचा गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाय खोल रुततो. तिथे कुणीही उतरू नये. जागा दुरून बघून तशी नोंद करावी.

'अचूकता ९० टक्के' एवढे लिहून थांबणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये. चौकटीत पाणी दहा टक्केच असेल, तर सगळ्याला जमीन म्हणणारा नकाशाही ९० टक्के बरोबर ठरतो. पाणी आणि जमिनीची अचूकता वेगवेगळी द्यावी.

आता घनफळ. समजा, एका पातळीला क्षेत्र २०० चौरस किलोमीटर आणि एक मीटर वर २१२. दोन्ही क्षेत्रे आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ यांची बेरीज करून तिला उंचीने गुणायचे आणि तीनने भागायचे: सुमारे २०६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ७.३ टीएमसी. जुन्या तक्त्यात याच दोन पातळ्यांमध्ये जितके जास्त पाणी, तितका गाळ तिथे साचला.

मात्र ज्या पातळीखाली पाणी कधी उतरलेच नाही, तिथला गाळ उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी बोट आणि ध्वनीने खोली मोजणारे यंत्रच लागते. त्यामुळे दुष्काळी वर्षांची चित्रे या कामात फार मोलाची. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला आणि एरवी बुडालेला मृतसाठ्याचा वरचा पट्टा उघडा पडला. त्या मे महिन्यातली निरभ्र चित्रे आधी उतरवून ठेवावीत, मग बाकीची वर्षे हाती घ्यावीत.