मोटारीतील सबवूफरची विद्युत जोडणी

मोटारीच्या डिकीत किंवा सीटखाली बसवलेल्या सबवूफरला ॲम्प्लिफायरमार्फत बॅटरीवर चालवण्यासाठी केलेली तारजोडणी. सबवूफर साधारण ८०–१०० हर्ट्झच्या खालचा बास वाजवतो. त्याला लागणारी शक्ती डॅशबोर्डवरच्या स्टिरिओला पेलत नाही, म्हणून स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो आणि त्याच्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढावी लागते. पुण्यात मोटारीच्या सामानासाठी नाना पेठ, तर वायर, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे), मल्टिमीटर अशा वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या जुन्या बाजारपेठा आहेत.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून हे काम निर्धोक समजले जाते. खरा धोका आगीचा आहे. मोटारीची पत्र्याची बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. धन वायरचे आवरण घासून आतले तांबे पत्र्याला टेकले, की बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर प्रवाह सोडते. काही सेकंदांत वायर तापून लाल होते, आवरण पेट घेते आणि शेजारचे कार्पेटही. गाडी बंद करून चावी खिशात असली तरी हे होऊ शकते, कारण ही वायर थेट बॅटरीवरून निघते. चावी तिच्या वाटेत येतच नाही.

या जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणूनच बॅटरीजवळचा फ्यूज. धन टोकापासून वायरच्या लांबीने मोजून ४५ सेंटिमीटरच्या आत तो असावा, जितका जवळ तितका चांगला. ‘ॲम्प्लिफायरला फ्यूज आहेच की’ हे उत्तर अनेकदा ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. ॲम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज फक्त त्या यंत्रासाठी असतात. बोनेटपासून डिकीपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरीत कुठे शॉर्ट झाला, तर तो प्रवाह त्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. मुख्य फ्यूज वायर वाचवण्यासाठी असल्याने त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. जाडी गेजमध्ये सांगतात, गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड : शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरला साधारण ५० ते ६० अँपिअर, ४ गेजला १०० ते १२५. फ्यूज वारंवार उडत असेल तर बिघाड शोधायचा. मोठा फ्यूज घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे होय.

वायरची जाडी प्रवाहावरून काढतात. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १३.८ व्होल्ट दाब असतो. क्लास-डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ५०० वॉट आरएमएससाठी (सलग देता येणाऱ्या शक्तीसाठी) सुमारे ४५ अँपिअर लागतात. पाच मीटर लांबीच्या ८ गेज तांब्याच्या वायरीत या प्रवाहाला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाया जातो, ४ गेजमध्ये ०.२ व्होल्टच्या आत. डब्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स’ वॉटचा आकडा या हिशेबात धरू नये, आरएमएसच पाहावा. स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडून पाहिली की आतला चंदेरी रंग दिसतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्याने अशी वायर घ्यायचीच झाली तर एक पायरी जाड घ्यावी आणि फ्यूज त्या मानाने लहान.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडतात आणि शेवटी जोडतात. उलटे केल्यास धन टोक सोडताना पाना बॉडीला लागला की तिथेच ठिणगी पडते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रबरी रिंग) हवाच. पत्र्याची धार रोजच्या कंपनांनी आवरण कापत जाते. बोनेटमधली वायर फ्लेक्सिबल पाइपात घालावी, पेडल आणि तापणाऱ्या भागांपासून दूर बांधावी. स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेतात, म्हणजे या वायरचा खरखराट तिच्यात शिरत नाही.

अर्थची, म्हणजे ॲम्प्लिफायरचे ऋण टोक बॉडीला जोडणारी, वायर धन वायरइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असावी. रंग पूर्ण खरवडून, उघड्या पत्र्यावर थिंबल नट-बोल्टने आवळावे. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू आली, तर पहिला संशय अर्थवरच घ्यावा.

सबवूफरच्या ओहमचा, म्हणजे त्याच्या आतल्या तारेच्या गुंडाळीच्या (कॉइलच्या) रोधाचा, ॲम्प्लिफायरशी मेळही पाहावा लागतो. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यास २ ओहम होतात, एकसरीत ८. ॲम्प्लिफायर २ ओहमपर्यंतच चालणारा असेल आणि त्याला १ ओहम दिला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. ॲम्प्लिफायरवरची गेन ही कळ येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवते. ती आवाजाची कळ समजून पूर्ण फिरवल्यास ध्वनिलहर कापली जाते आणि कॉइल जळते. सबवूफरच्या तारा सोडून, ५० हर्ट्झचा सूर वाजवून, ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर मल्टिमीटर लावून गेन ठरवता येतो : वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ इतके व्होल्ट. ५०० वॉट, २ ओहमसाठी ते ३१.६ येते.

पुण्यात सीएनजी गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबाबत जास्त काळजी हवी. सिलिंडर सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, त्याची नळी बहुधा गाडीच्या तळाखालून जाते. डिकीच्या तळात खालचे न पाहता स्क्रू मारणे किंवा भोक पाडणे येथे घातक ठरते. ॲम्प्लिफायर सिलिंडरवर वा त्याच्या पट्ट्यावर बसवू नये, व्हॉल्व्हजवळ उघडे टर्मिनल ठेवू नये. डिकीत जागाच नसल्याने अनेकजण सीटखालचा, ॲम्प्लिफायर आतच असलेला सबवूफर घेतात. त्यालाही बॅटरीजवळचा फ्यूज लागतोच. विजेवरच्या गाडीत नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये. जोडणी १२ व्होल्टच्या बॅटरीवरूनच होते.

पावसाळ्यानंतर अर्थच्या जागी धरलेला गंज आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तपासून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंद काचांमधूनही बास बाहेर जात असल्याने सोसायटीत उभ्या गाडीत तो वाजवताना ती लक्षात घ्यावी लागते.